वाजिद मिस्त्रींनी फोडलेला उतार

वाजिद मिस्त्रींना आजकाल लांबलांबून फोन येतात. कधी हदगावहून, कधी धर्माबादहून, कधी लातूरच्याच एखाद्या शाळेतून. "मिस्त्री, शाळेला रॅम्प टाकायचा हाय, कधी येता?" एवढंच पलीकडचा माणूस विचारतो. मिस्त्री तारीख सांगत नाहीत. आधी विचारतात, "खुर्चीत बसणारं लेकरू कोण हाय? त्याच्याकडं फोन द्या." पलीकडचे हेडमास्तर गडबडतात. एकदोघांनी तर म्हातारबुवांना ऐकायला कमी येतं असं समजून तोच प्रश्न दुप्पट आवाजात विचारला. मिस्त्री हटत नाहीत. ही सवय त्यांना मुळातली नव्हे. ती दोन हजार एक सालच्या जुलैत नववीतल्या एका मुलीनं लावली, आणि त्यापायी त्यांना स्वतःचं पक्कं बांधकाम स्वतःच्या हातानं फोडावं लागलं.

मिस्त्रींचं गाव लातूरहून मुरुडकडे जाताना लागतं. बाप गवंडी, आजा गवंडी. लग्नाला गेले तरी नवरदेवाकडे बघायच्या आधी मांडवामागची भिंत बघणार आणि बायकोच्या कानात सांगणार, "डावीकडं अर्धा इंच गेलीय." हसीना म्हणणार, "भिंत वाढणार हाय का तुमाला बिर्याणी? बसा गप." घर बांधायला घेतलं की मात्र मिस्त्री पहिल्यांदा घरातल्या बाईला गाठत. चूल कुठं पाहिजे, मोरी कुठं, पाण्याचा हंडा कुठल्या हातानं उचलता, हे सगळं विचारून मगच दोरी लावत. घरमालक कितीही ऐटीत नकाशा दाखवू दे, मिस्त्री मान डोलवत आणि आत जाऊन बाईला विचारून येत.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या हातची एकही भिंत पडली नाही. पण त्याचं श्रेय ते घेत नसत. "आमच्या गावापत्तुर जोर पोचलाच न्हाई, म्हणून वाचल्या," असं स्वतःच सांगत. किल्लारीकडे जाऊन त्यांनी पडलेली घरं पाहिली होती. दगडमातीच्या त्याच दोन-दोन हात जाड भिंती, ज्या बापानं त्यांना शिकवल्या होत्या. पुढं तीन वर्षं ते तिकडच्या नव्या वसाहतींवर कामाला होते. इंजिनिअर पोरांच्या हाताखाली सिमेंटचे पट्टे कसे टाकायचे, कोपरे कसे बांधायचे, हे पोरवयाच्या शिकाऊ गड्यासारखं शिकले. तेव्हापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द बसला, मजबूत. मिस्त्रींनी बांधलेलं मजबूत असतं आणि मजबूत असलं की झालं, असं सगळं गाव मानायचं, आणि सगळ्यात जास्त मिस्त्री स्वतः मानायचे.

आता ती मुलगी. तिचं नाव शिवगंगा. भूकंप झाला तेव्हा ती किल्लारीकडच्या गावात होती, सहा वर्षांची. भिंत अंगावर आली, त्यात वडील गेले आणि हिचे दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. आई गुरम्मा तिला घेऊन भावाकडे आली. भाऊ म्हणजे गुरुपादप्पा. गावात किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय दुकानाची फळी उघडायची नाही, असा माणूस. भाचीवर जीव. पहिलीपासून आठवीपर्यंत तिची चाकाची खुर्ची ढकलत त्यांनी तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेलं, आणि शाळेच्या तीन पायऱ्या रोज तिला कडेवर घेऊन चढले. पोरगी चौदाची झाली, मामाची कंबर पन्नाशीची झाली. त्या उन्हाळ्यात कंबर धरली ती धरलीच.

आणि नेमकं नववीचं वर्ष. तो काळ असा होता की लातूरला क्लासची हवा होती. नांदेडपासूनची पोरं ट्रंका घेऊन लातुरात खोल्या करून राहत होती. दर दुकानावर एक क्लास आणि दर क्लासच्या पाटीवर गुणवत्ता यादीतले फोटो. शिवगंगाला गणितात गती होती. गुरुपादप्पांनी लातुरात सात क्लास फिरून पाहिले. सातही दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मजल्यावर. एका क्लासवाल्यांनी प्रेमानं सांगितलं, "मामा, नोट्स घरी घेऊन जा ना." गुरुपादप्पा परत आले ते तोंड पाडूनच. राहिली गावातली सरकारी शाळा. तिथं गणिताच्या उमाबाईंनी नववी-दहावीला सकाळी सातचा जादा तास फुकट सुरू केला होता, आणि त्यांचा तास लातूरच्या कुठल्याही क्लासला हार जाणारा नव्हता. त्या तासाला बसायचं तर आधी तीन पायऱ्या चढायच्या होत्या.

हेडमास्तर किशनराव वाईट माणूस नव्हते, घाईचे माणूस होते. त्यांनी तोडगा काढला, "वर्गातल्या चार पोरी उचलतील की."

शिवगंगा म्हणाली, "न्हाई सर. मी पोतं हाय का?"

किशनरावांना हसावं की रागवावं कळेना. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला गेली होती, तेव्हा तिथं तिला एक पुस्तिका मिळाली होती, पंचाण्णवच्या अपंगांच्या कायद्याची. लातूर भागातल्या पोरांना काहीही वाचायला दिलं तर ती परीक्षेसाठी वाचतात. हिनं ती पुस्तिका गाईडसारखी पाठ केली होती, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारून. "अठरा वर्षांपर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण, सर. आणि कलम तीस, शाळेच्या इमारतीतले अडथळे काढायचे. तीन पायऱ्या म्हंजे अडथळाच की."

किशनरावांनी पुस्तिका चाळली. बोट एका ओळीवर ठेवून म्हणाले, "इथं आर्थिक कुवतीनुसार असं पण लिहिलंय बाळ."

"ते सार्वजनिक इमारतींच्या कलमात लिहिलंय, सर. कलम तीस शिक्षणाचं हाय, त्यात न्हाई."

तिनं अर्ज लिहिला, किशनरावांनी त्यावर शिक्का मारून तो वर पाठवला. त्यांना वाटलं, आता वर्षभर निवांत. पण वरून महिन्याभरात पत्र आलं की शाळेत तातडीनं रॅम्प बांधून घ्यावा, फोटो काढावेत आणि काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर लाभार्थीची सही घेऊन पाठवावा. किशनरावांनी त्याच दिवशी वाजिद मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी तीन पायऱ्या मापल्या, दीड फूट उंची. मनात म्हणाले, हे तर डाव्या हाताचं काम. त्यांनी आजवर दोनशे तरी उतार बांधले असतील. गावात घराघरापुढं असतो तसा, एम-एटी आणि लूनासारख्या गाड्या ओसरीत चढवायचा सिमेंटचा उतार. पाच फूट लांब, चाक घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा, बस. रॅम्प म्हणजे तोच, असं त्यांनी धरलं. कुणाला विचारायचं राहिलं का, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. पैसे शाळेचे, शाळा किशनरावांची, म्हणजे घरमालक किशनराव. चुलीची जागा बाईला विचारणारा हा माणूस इथं चूल पेटवणाऱ्या पोरीला विचारायलाच विसरला.

दीड दिवसात उतार तयार झाला. देखणा होता, खोटं कशाला बोला. रेघा अशा सरळ की पट्टी लावून बघावं. चार दिवस पाणी मारून मुरवला. पाचव्या दिवशी नारळ फोडायच्या आधी किशनरावांनी आपली स्कूटर रेस करून एका दमात व्हरांड्यात चढवली. "वा मिस्त्री, मजबूत काम," असं म्हणत त्यांनी ती सावलीत लावली. मास्तर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग शिवगंगाची खुर्ची आली.

तिनं दोन्ही हातांनी चाकं रेटली. दीड फूट गेली, थांबली, दात-ओठ खाऊन आणखी एक रेटा दिला आणि खुर्ची सरळ मागं आली. गुरुपादप्पा मागं उभे नसते तर उलटीच झाली असती. "अरे ढकला, ढकला," कुणीतरी ओरडलं. चौघांनी मिळून ढकललं आणि ती वर पोचली. पुन्हा टाळ्या झाल्या. फोटो निघाला. किशनरावांनी फॉर्म आणि पेन पुढं केलं.

शिवगंगानं पेन घेतलं नाही. "एकटी चढून आले की करते, सर."

"चढलीस की आत्ता."

"मला चढवलं, सर. मी चढले न्हाई."

वाजिद मिस्त्री तिथंच नारळाचा तुकडा खात उभे होते. त्यांचा तुकडा हातातच राहिला. आयुष्यात त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते एका नववीतल्या पोरीनं, सगळ्या शाळेसमोर. ते खुर्चीजवळ गेले. "बेटी, दोनशे उतार बांधले मी. एकाचीबी तक्रार न्हाई."

"त्या गाड्यांना इंजिन असतंय, चाचा," शिवगंगा म्हणाली.

मास्तर मंडळींत कुणीतरी खुसकन हसलं. मिस्त्रींचे कान तापले. ते काही तरी फाडकन बोलणार होते, पण पोरीच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. ती म्हणाली, "तुमी बसून बघा ना एकदा."

तिला बाकावर बसवलं आणि वाजिद मिस्त्री खुर्चीत बसले. सिमेंटची पन्नास किलोची गोणी खांद्यावर टाकून शिडी चढणारा माणूस. त्यांनी चाकांना हात घातला आणि जोर लावला. खुर्ची निम्म्यावर गेली. दंडाच्या शिरा टरारून फुगल्या, टोपी कपाळावर आली. खुर्ची थरथरली आणि त्यांना घेऊन पायथ्याशी परत आली. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा मिस्त्री रेटायचे थांबले आणि तिथंच बसून राहिले. खुर्चीत बसल्यावर तीन पायऱ्या केवढ्या दिसतात, आणि भोवती उभी माणसं किती वरून बोलतात, ते त्यांना पहिल्यांदा दिसलं. मिस्त्रींना मनापासून लाज वाटली. दोनशे उतारांची नव्हे, या एकाची. मजबूत तर होता. पण कुणासाठी, हे विचारायचं राहिलं होतं.

"किती पाहिजे मग?" त्यांनी विचारलं.

शिवगंगानं दप्तरातून पुस्तिका काढली. शेवटच्या पानावर आकृती होती. "एक फूट चढाला बारा फूट लांबी. आपल्याला दीड फूट हाय, म्हंजे अठरा फूट."

"अठरा?" मिस्त्री उडालेच. "दीड फुटासाठी अठरा? कागदावर काय, कुणीबी काढतंय चित्र."

"मग करून बघा."

करून बघायचं ठरलं ते रविवारी, मिस्त्रींच्या अंगणात. शिवगंगाला मामांनी सकाळीच आणून सोडलं. हसीनानं तिला बाजेवर ऐसपैस बसवलं, हातात शेंगदाण्याच्या लाडवाची ताटली दिली, आणि खुर्ची प्रयोगाला मोकळी झाली. मिस्त्रींनी शटरिंगच्या बारा फुटी फळ्या जोडून एका टोकाखाली विटांची चळत रचली. आधी तीन फूट उंच. मिस्त्रींना चढता आलं नाही. मग दोन फूट. शेजारचे पाचसहाजण येऊन जमले, गल्लीतला एक पैलवान चढला आणि वर जाऊन मिशीला ताव देऊ लागला.

बाजेवरून शिवगंगा म्हणाली, "पैलवानाला शाळेत जायचं न्हाई, चाचा. बाईमाणसाला बसवा."

गल्ली हसली. सगळ्यांनी हसीनाकडे बघितलं. हसीना अंगानं भरलेली, गुडघ्यांनी वैतागलेली, आणि चारचौघांत पुढं न येणारी. ती "या अल्ला, मैं नहीं" म्हणत पदर सावरून मागं सरली. मिस्त्री म्हणाले, "तू चढलीस की कुणीबी चढंल." यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिनं क्षणभर तोललं, आणि तावातावानं खुर्चीत जाऊन बसली.

दोन फुटांवर ती जागची हलली नाही. दीड फुटांवर निम्म्यात अडकली आणि नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. प्रत्येक वेळी मिस्त्री विटा काढत, नळीत पाणी भरून लेव्हल बघत, आणि पुन्हा बसवत. शेवटी एक फुटावर आलं. बारा फुटी फळी, एक फूट उंची, बरोबर पुस्तिकेतल्या आकृतीसारखं. हसीनानं चाकं रेटली. खुर्ची चालू लागली. कण्हत नाही, थरथरत नाही, सरळ चालू लागली. निम्म्यावर गेल्यावर ती थांबली, तिथंच थांबून कपाळाचा घाम पुसला, खुर्ची मागं आली नाही. मग उरलेलं चढून गेली आणि वर पोचल्यावर म्हणाली, "आता माझा चहा इथंच आणा. मी खाली येत न्हाई."

त्या दिवशी मोहल्ल्यातल्या यच्चयावत बायकांनी खुर्चीची फेरी मारली. ज्या बाया एरवी शिवगंगा दिसली की "बिचारी" म्हणून सुस्कारा टाकायच्या, त्या तिच्यासमोर रांगेत उभ्या राहून "आता माझा नंबर ना गं?" म्हणत होत्या. शिवगंगा बाजेवरून हुकूम सोडत होती. मिस्त्री विटांवर बसले होते आणि इतक्या वर्षांत प्रथमच कागदावरच्या चित्राकडे आदरानं बघत होते.

सोमवारी ते पहार आणि घण घेऊन शाळेत गेले. किशनराव धावत आले. "अहो मिस्त्री, सरकारी बांधकाम हाय ते. तोडायला वरून परवानगी लागंल. सहा महिने जातील."

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सर, फॉर्मवर सही झाली का?"

"कुठं? ती पोरगी करीना ना."

"मग काम पूर्ण झालं न्हाई. पूर्ण झालं न्हाई म्हंजे मी ताब्यात दिलं न्हाई. ताब्यात दिलं न्हाई म्हंजे अजून माझंच हाय. माझं मी फोडायलोय, तुमाला काय तरास?"

कायदा वाचणारी माणसं शाळेत वाढत चालली होती. किशनरावांनी निमूट आपली स्कूटर व्हरांड्यातून खाली घेतली.

पहिला घण घालताना मिस्त्रींचा हात जड झाला, हे त्यांनी पुढं हसीनाला कबूल केलं. उतार मजबूत होता, फुटता फुटेना. संध्याकाळपर्यंत फोडला तेव्हा हातांना फोड आले होते. आता नवी अडचण होती. पायऱ्यांपासून समोरच्या झेंड्याच्या ओट्यापर्यंत सरळ जागा अकरा फूटच आणि लागणार अठरा. ओटा हलवायला किशनराव मेले तरी तयार होणार नव्हते. मग दुसऱ्या दिवशी शिवगंगानं खडूनं फरशीवर आकृती काढली, मिस्त्रींनी दोरी धरली, आणि दोघांचं तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं की उतार भिंतीकडेनं दहा फूट जाईल, मधे खुर्ची वळेल एवढा सपाट ओटा, आणि मग वळून आठ फूट. दहा फुटात दहा इंच, आठ फुटात आठ इंच. कडेला हात धरायला पाईप. पाईप किती उंचीवर पाहिजे हे मिस्त्रींनी तिला खुर्चीत बसवून, तिचा हात जिथं पोचला तिथं पेन्सिलची खूण करून ठरवलं. फोडलेल्या उताराचा राडारोडा नव्याच्या पोटात गेला.

सिमेंट मुरायला आठ दिवस ठेवले. नवव्या दिवशी सकाळी सातच्या आत मिस्त्री शाळेच्या फाटकाशी हजर. गुरुपादप्पा लिंगपूजा उरकून भाचीला घेऊन आले. जादा तासाची घंटा व्हायला दहा मिनिटं होती. नारळ नाही, फोटो नाही. किशनराव तेवढे फॉर्म घेऊन उभे होते.

उताराच्या तोंडाशी गुरुपादप्पांनी खुर्चीच्या मुठी सोडल्या. आठ वर्षांची सवय, हात आपोआप पुन्हा पुढं गेले. मिस्त्रींनी त्यांच्यापुढं आडवा हात धरला. "शेठ, हात लावू नका."

शिवगंगा निघाली. दहा फूट गेली, सपाट ओट्यावर थांबली, वळली. पुढचे आठ फूट गेली. वर व्हरांड्यात पोचली. एवढंच. गुरुपादप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते आणि पुसताना हसतही होते. किशनराव फॉर्म घेऊन पुढं झाले. तिनं सही केली. मग सगळ्यांना वाटलं, आता पोरगी वर्गात जाईल.

पण शिवगंगानं खुर्ची वळवली आणि ती उतारावरून खाली आली. खाली येऊन पुन्हा वर गेली. पुन्हा खाली आली. घंटा झाली, पोरी वर्गात पळाल्या, ही आपली वर-खाली. तिसऱ्या खेपेला तर तिनं वळणावर दोन्ही हात सोडून दिले आणि मोठ्यानं हसली. तिला अडवायचं कुणाच्या मनात आलं नाही. अखेर पाचव्या खेपेला ती घामाघूम होऊन वर्गाच्या दाराशी पोचली.

उमाबाईंनी फळ्यावरचं गणित अर्ध्यावर सोडून मान वळवली. उमाबाई म्हणजे वेळेच्या बाबतीत गावात जिला हेडमास्तरही दबून असत अशी बाई. त्यांनी चष्म्यावरून घड्याळाकडे बघितलं. "घंटा होऊन बारा मिनिटं झाली. ही काय वर्गात यायची वेळ आहे? बाहेर थांब."

किशनराव मधे पडायला निघाले. गुरुपादप्पा पायऱ्यांशी उभे होते, त्यांचं तोंड उतरलं. आठ वर्षांत या शाळेत शिवगंगाला कुणी रागावलं नव्हतं. गृहपाठ नसला तरी चालायचं, उशीर झाला तरी चालायचं, पाढा चुकला तरी डोक्यावरून हात फिरायचा. एकदाही कुणी इतर पोरींसारखं तिला ओरडलं नव्हतं.

"हो बाई," शिवगंगा म्हणाली, आणि खुर्ची मागं घेऊन दारापाशी, भिंतीला लावून ऐटीत बसली.

वाजिद मिस्त्री घाबरेघुबरे होऊन तिच्याजवळ आले. "बेटी, मी सांगू का बाईंला? माझ्यामुळं उशीर झाला म्हणून?"

"नका ना चाचा," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "मला शिक्षा झालीय."